अळ्यांची फौज आणि चिलटाचे नाव

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही गिरणी कामगारांच्या चळवळीवर किंवा फार तर आठ तासांच्या दिवसाच्या इतिहासावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही एका चिलटाचे नाव घेतले. चालक क्षणभर गप्प राहिले. मग त्यांच्यापैकी एकाने भीत भीत विचारले, "म्हणजे हे रूपक का?" आम्ही म्हटले, रूपक नव्हे, खरोखरीचे चिलट. युरोपच्या जंगलात पाचोळ्यावर जन्मणारे, चार-पाच मिलिमीटर लांबीचे, काळसर पंखांचे. त्याला शास्त्रात नाव कसे मिळाले, याचा इतिहास आम्ही सांगणार आहोत. या इतिहासाशी आमचा संबंध काय, हेही ओघाने येईल.

आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतच. पुढचे जे काही झाले ते कारखान्यातली पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे आम्ही प्राणिशास्त्रावर अधिकाराने बोलू शकत नाही. परंतु एखाद्याची नोंद कशी होते, कोण करतो आणि नोंद न झाल्यास काय होते, या विषयावर आमचे तीस वर्षांचे शिक्षण झालेले आहे. त्या शिक्षणाच्या बळावर हे धाडस करीत आहो.

प्रथम ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. मध्य युरोपातले डोंगराळ जंगल, उन्हाळ्याचे दिवस, झाडांखाली ओला अंधार. पायवाटेवरून एक करडा साप सरपटत येतो. कधी तो हातभर असतो, कधी कित्येक हात लांब. रुंदीला चार बोटे. वाकून पाहावे तो साप नव्हेच. त्या आहेत हजारो अळ्या. एकेक अळी सेंटिमीटरभरही लांब नाही, अंग काचेसारखे पारदर्शक, डोके मात्र काळे, चकचकीत. एकमेकींच्या अंगावर, अंगाखाली, चिकट ओलाव्याने जोडलेल्या अशा त्या सगळ्या मिळून एकाच दिशेने चालल्या आहेत. वाटेत काठी आडवी टाकली तर रांग तुटते आणि थोड्या वेळाने पुन्हा जुळते.

जर्मन मुलखात या प्रकाराला जे नाव पडले, त्याचा शब्दशः अर्थ 'फौजेचा किडा' असा होतो. आपल्याकडे शेतकरी जिला लष्करी अळी म्हणतात ती निराळी, याची वाचकांनी नोंद घ्यावी. आपली लष्करी अळी पतंगाची; ती मका, ज्वारी फस्त करते. २०१८ साली तिची अमेरिकन बहीण भारतात आली आणि तिने मक्याची काय दशा केली, ते शेतकरी जाणतोच. ही जंगलातली फौज मात्र कोणाच्या पिकाला तोंड लावीत नाही. ती सडका पाचोळा खाते. तिच्या हातून झालेच तर जमिनीचे भलेच होते.

असे असूनही लोक तिला भीत असत. सायलेशिया प्रांतातून तिची लेखी नोंद १६०३ सालापासून सापडते. सायलेशियाच्या डोंगरातले लोक म्हणत, फौज दरीकडे उतरली तर पीक चांगले येणार, डोंगराकडे चढली तर दुष्काळ. थुरिंगियाच्या जंगलातले लोक तिच्या चालीवरून लढाई की शांतता हे ठरवीत. कित्येक जण आपले कपडे, फिती तिच्या वाटेवर टाकीत. अळ्या वस्त्रावरून गेल्या तर भाग्य, विशेषतः गर्भवती स्त्रीला. वळसा घालून गेल्या तर त्या वस्त्राच्या धन्याचे मरण जवळ आले.

या समजुतींना हसणे सोपे आहे. आम्ही हसत नाही. १६१८ पासून १६४८ पर्यंत तीस वर्षे त्याच मुलखातून खऱ्या फौजा गेल्या. कोणत्या पंथाची फौज आहे, याने शेतकऱ्याला फरक पडत नव्हता. धान्य दोघेही नेत, घर दोघेही जाळीत. ज्याच्या दारावरून फौज जाते आणि त्याला कोणी विचारीत नाही, तो माणूस रांगेने चालणारे काहीही पाहून दचकणारच. त्याने अळ्यांत फौज पाहिली, कारण फौजेहून मोठी आपत्ती त्याला ठाऊक नव्हती. अंधश्रद्धा म्हणून आपण जिला बाजूला सारतो, तिच्या तळाशी पुष्कळदा असा एखादा अनुभव गाडलेला असतो.

आता शास्त्राकडे वळू. अळी म्हणजे बाल्यावस्था. ती कोणाची, हे तिच्या पोटातून पुढे काय निघते ते पाहिल्यावाचून कळत नाही. कीटकशास्त्रात नाव देण्याचा मुख्य आधार प्रौढ कीटक. तेव्हा 'फौजेचा किडा' कोण, या प्रश्नाचे उत्तर फौज पाहून मिळणार नव्हते. ती घरी आणून, ओल्या पाचोळ्यात जगवून, तिचे कोश होऊन त्यांतून पंख फुटेपर्यंत थांबणे भाग होते. हे काम दिसते तितके सोपे नाही. ओलावा थोडा कमी झाला की अळ्या सुकून मरतात, थोडा जास्त झाला की बुरशी येते. आणि जी चिलटे निघतात ती जेमतेम काही दिवस जगतात.

चिलटे निघाल्यावरही त्यांना ठेवायचे कोणत्या घरात, हा प्रश्न उरतोच. ते घर बांधून ठेवणारा मनुष्य आम्हांस फार जवळचा वाटतो. त्याचे नाव योहान विल्हेल्म माइगेन. १७६४ साली झोलिंगेन या गावी त्याचा जन्म झाला. आईबापांचे लहानसे दुकान होते. विद्यापीठाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून पाहिले नाही. एका भूमापकाने त्याला गणिताची गोडी लावली, गावच्या चर्चमधल्या वादकाने अक्षर, पियानो आणि पुढे फ्रेंच शिकविले. मग श्टोलबर्ग या गावी त्याने शिकवण्या करून संसार चालविला आणि उरलेल्या वेळात माश्या गोळा केल्या. माश्या आणि डास यांना इतर कीटकांसारखे चार पंख नसतात, दोनच असतात. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक काड्या उरलेल्या असतात. या द्विपंखी कीटकांच्या पंखांवरील शिरांची मांडणी पाहून त्यांचे गट पाडता येतात, हे माइगेनने पक्के पायावर उभे केले. १८१८ पासून १८३८ पर्यंत त्याने युरोपातील द्विपंखी कीटकांवर सात भाग प्रसिद्ध केले.

या शिकवणीवाल्या मास्तराचे ऋण आपल्याकडेही पोचले आहे. ज्या डासाच्या पोटात रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबादेस मलेरियाचे जंतू पाहिले, त्या ॲनोफिलिस प्रजातीला नाव माइगेनने १८१८ साली दिले. केळ्यावर घोंघावणारी जी माशी विसाव्या शतकात आनुवंशिकतेच्या प्रयोगशाळांत घरची झाली, तिचे वर्णनही त्याचेच, १८३० सालचे. आणि आमच्या चिलटाची प्रजाती, सियारा, हीदेखील त्यानेच १८०३ साली स्थापिली. सियारा म्हणजे छायेतली, काळोखी. माइगेन १८४५ साली वारला. मृत्यूच्या थोडेच आधी बॉन विद्यापीठाने त्यास सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने ती पदवी घेऊन काय करायचे होते, हे विद्यापीठालाच ठाऊक!

माइगेनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८०० साली त्याने एक लहानशी फ्रेंच पुस्तिका काढली होती व तीत याच गटाला लायकोरिया असे नाव दिले होते. पुढे त्यानेच ती नावे सोडून नवी घातली. पुस्तिका विस्मरणात गेली. १९०८ साली ती पुन्हा उजेडात आणली गेली आणि पंडितांत भांडण लागले. जुने नाव आधीचे म्हणून खरे, की शंभर वर्षे वापरात असलेले खरे? हा वाद पन्नास वर्षांवर चालला. अखेर १९६३ साली प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १८०० ची पुस्तिका नामकरणापुरती रद्द ठरविली. सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून कारखान्यात जी रणे माजतात, ती ज्यांनी पाहिली असतील त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता मूळ कथेकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात गॉटिंगेनचे प्राध्यापक बेर्टोल्ड यांनी फौजेच्या किड्याचा छडा लागल्याचे जाहीर केले. त्यांच्या मते ते चिलट म्हणजे सियारा थोमी, लिनिअसने १७६७ साली नोंदविलेली जुनीच जात. घर बरोबर होते, खोली चुकली होती. परंतु गॉटिंगेनच्या प्राध्यापकाने सांगितल्यावर कोण शंका घेणार? पुस्तकांतून तेच उतरत गेले. १८५१ साली लोककथांचे संग्राहक लुडविग बेखश्टाइन यांनी या फौजेवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. निसर्ग आणि काव्य दोन्ही त्यात आले. चूक मात्र जागच्या जागी राहिली.

ती दुरुस्त झाली पोलंडच्या मातीत. त्या काळी पोलंड नावाचे राज्य नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते वाटून घेतले होते. दक्षिणेकडचा गालिसिया ऑस्ट्रियाकडे होता. तिथले शेतकरी १८४८ पर्यंत जमीनदाराच्या वेठबिगारीत होते. क्राकोवच्या विद्यापीठात १८६३ सालापासून माक्सिमिलियान नोवित्स्की हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. जन्म १८२६ चा. त्याआधी ते शाळामास्तर होते. क्राकोवच्या पूर्वेस बोख्निया हे मिठाच्या खाणीचे जुने गाव. तेराव्या शतकापासून तिथे माणसे जमिनीखाली उतरून मीठ काढीत आली. त्याच्या आसपास कोपालिनी नावाचे खेडे आहे. तिथली अळ्यांची फौज नोवित्स्कींनी अभ्यासाला घेतली.

त्यांनी फौजेवरून अंदाज बांधला नाही. अळ्यांतून निघालेली चिलटे आणि थोमी यांची अंगोपांगे ताडून पाहिली. थोमीच्या मादीच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे असतात; ती ओळखायला तुलनेने सोपी. कोपालिनीची चिलटे ती नव्हती. ती शास्त्राला अज्ञात अशी वेगळी जात होती. १८६८ साली नोवित्स्कींचा लेख प्रसिद्ध झाला आणि त्या चिलटाला नाव मिळाले, सियारा मिलिटारिस. मिलिटारिस म्हणजे लष्करी, सैनिकी. त्याच वर्षी हार्त्स पर्वतातील सीझेन गावच्या बेलिंग नावाच्या वनाधिकाऱ्याचाही याच चिलटावर लेख आला. हा मनुष्य प्राध्यापक नव्हता. ज्या जंगलाची राखण करीत होता, त्याच जंगलाकडे त्याने लक्ष देऊन पाहिले होते.

एवढे ऐकून श्रोता म्हणेल, बरे झाले, चिलटाला नाव मिळाले. परंतु थांबा. नाव त्याला आधीपासूनच होते. पोलंडच्या शेतकऱ्यांत आणि तात्रा पर्वताच्या पायथ्याच्या डोंगरी लोकांत या अळ्यांना 'प्लेन्य' म्हणत. हा शब्द वाढणे, पुष्कळ होणे या अर्थाच्या शब्दांच्या कुळातला. जर्मन मुलखात ज्या रांगेला पाहून लढाईची धास्ती वाटे, तीच रांग भेटली तर डोंगरी पोलिश माणूस सुखावत असे. घरात बरकत येणार! ते लोक या अळ्या गोळा करून सुकवीत आणि शुभ म्हणून घरात, गोठ्यात ठेवीत. एकच अळी, एकाने तिच्यात फौज पाहिली, दुसऱ्याने भरलेले कोठार.

आणि ज्या मातीत ती शास्त्राने पकडली, तिथल्या लोकांचा शब्द बरकतीचा असताना, जगाच्या वहीत नोंद झाली ती फौजेची. नोवित्स्कींना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. शास्त्रात हा प्रश्न 'फौजेचा किडा' या नावानेच दोनशे वर्षे चाललेला होता, आणि त्यांच्या लेखाच्या मथळ्यातही तोच जर्मन शब्द आहे. परंतु आमच्यासारख्याला ही गोष्ट टोचते. बरकत म्हणणाऱ्यांच्या हाती लेखणी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. समाधान इतकेच की पोलिश भाषेत या चिलटाच्या नावात तो जुना शब्द आजही जिवंत आहे.

आता आमचा संबंध सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात यंत्रात हात सापडून एका कंत्राटी कामगाराची चार बोटे गेली. आम्ही भरपाई मागायला गेलो तेव्हा कंत्राटदाराने हजेरीपट पुढे केला. त्यात त्या माणसाचे नाव नव्हते. कंपनी म्हणाली, आम्ही याला ओळखत नाही. पाच वर्षे त्याच फाटकातून आत जाणारा माणूस, परंतु कागदावर तो जन्मलाच नव्हता! आम्ही पुरावा शोधीत फिरलो. अखेर तो सापडला फाटकाबाहेरच्या चहावाल्याच्या उधारीच्या वहीत. त्या वहीत त्याचे नाव होते, तारखा होत्या, पाळी होती, आणि पुढे लिहिलेले होते 'दोन कटिंग'. त्या तेलकट वहीवर प्रकरण उभे राहिले आणि तीन वर्षांनी भरपाईची काही रक्कम हाती आली. बोटे अर्थातच आली नाहीत.

त्याच दिवसांत वाचनालयात आम्ही या चिलटाविषयी वाचले. तेव्हा आमच्या ध्यानात आले की वर्णन करणे म्हणजे कुतूहल भागविणे नव्हे. ज्याचे वर्णन नाही, त्याच्याविषयी पुढचा एकही प्रश्न विचारता येत नाही. ते कुठे राहते, वाढते की घटते, जंगल तोडल्यावर त्याचे काय झाले, हे विचारायला आधी ते 'ते' आहे असे ठरावे लागते. थोमीच्या नावावर मिलिटारिसची हजेरी लागत होती, तोवर मिलिटारिस होतेही आणि नव्हतेही.

एक मोह मात्र आम्ही कटाक्षाने टाळला आहे. आमचे तरुण सहकारी ही कथा ऐकून म्हणतात, "दादा, हा तर मोर्चा! एकटी अळी सुकते, हजार मिळाल्या की तरतात." पहिला भाग काही अंशी खरा आहे, त्या नाजूक देहांना एकत्र राहिल्याने ओलावा टिकविणे सोपे जात असावे. परंतु अळ्यांच्या रांगेला मागणी नसते, ठराव नसतो, आणि चुकीच्या दिशेने चाललो आहोत असे म्हणण्याची सोय नसते. पुढची जाते म्हणून मागची जाते. अशी संघटना आम्ही आमच्या हयातीत पाहिली आहे व तिचा शेवटही पाहिला आहे. थुरिंगियाच्या शेतकऱ्याने अळ्यांत आपली भीती पाहिली. आपण तिच्यात आपली आशा पाहू लागलो तर त्याच्याहून शहाणे कसे ठरू? नोवित्स्कींनी अळीत अळी पाहिली, म्हणून त्यांना चिलट सापडले.

नोवित्स्कींचे आणखी एक काम सांगून आटोपतो. तात्रा पर्वतातील शामवा नावाचा रानबकरा आणि मार्मोट हा बिळात राहणारा प्राणी शिकारीने संपत चालले होते. नोवित्स्की आणि त्यांचे मित्र, धर्मगुरू एउगेनिउश यानोता, यांनी खटपट केली. चिलटाचा लेख आला त्याच १८६८ साली गालिसियाच्या विधिमंडळाने या दोन प्राण्यांच्या शिकारीला व विक्रीला बंदी करणारा कायदा मंजूर केला, आणि १८६९ साली त्याला बादशहाची संमती मिळाली. अशा कायद्याचा पहिला फटका नेहमी गरिबाला बसतो; मार्मोटच्या चरबीला औषध म्हणून किंमत येई आणि डोंगरी माणूस त्यावर चार पैसे मिळवी. परंतु राखणदार नेमताना, चोरून शिकार करण्यात मुरलेले दोन डोंगरी वाटाडेच निवडले गेले. ज्याला जनावराची वाट ठाऊक, त्यालाच त्याची राखण दिली. कामगाराच्या ज्ञानाची अशी कदर आमच्या कारखान्यांत क्वचित आढळते.

नोवित्स्की १८९० साली क्राकोव येथे वारले. सियाराच्या कुळातील अडीच हजारांहून अधिक जातींची आजवर नोंद झाली आहे, आणि ती संपलेली नाही. अलास्कातही अशीच सापासारखी सरपटणारी रांग लोक पाहत होते. तीही शास्त्राला अनोळखी अशा सियाराची निघाली आणि या शतकाच्या तिसऱ्या दशकात तिला नाव मिळाले, सियारा सर्पेन्स. सर्पेन्स म्हणजे साप. पाहणाऱ्याला जे वाटले, तेच पुन्हा नावात उतरले.

आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात पाचोळा कुजतो, त्यावर चिलटे उडतात. आपण हाताने ती वारतो आणि पुढे जातो. तसे जायला हरकत नाही. प्रत्येकाने कीटकशास्त्रज्ञ व्हावे असे आम्ही सांगत नाही. परंतु कधी एखादा गुराखी, लाकूडतोड्या किंवा कातकरी बाई आपल्या भाषेतले एखादे नाव सांगेल, तर ते वहीत उतरून घ्यावे. चहावाल्याने नाव लिहून ठेवले होते, म्हणून आमच्या माणसाचे काम झाले. कोणती वही केव्हा उपयोगी पडेल, हे लिहिताना कोणालाच ठाऊक नसते.

इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.